डोंगर आहे, गाई आहेत, मग वाइन का नाही?

नाशिककडच्या एका वायनरीत काही वर्षे नोकरी करून मी परतवाड्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत परत आलो. तेव्हापासून लग्नकार्यात भेटणारे पाहुणे हमखास विचारतात, “भाऊ, मागे सातपुडा आहे, गोठ्यात गाई आहेत. परदेशातली कुटुंबे अशाच उभ्या डोंगरावर औषधे न फवारता, काही न मिसळता लाल वाइन करतात. मग तुम्ही का नाही करत?” आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उताराचे पाहू. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी कोत-रोती नावाचा भाग आहे. तिथे सिरा जातीची द्राक्षे (आपल्या नाशिकला तिलाच शिराझ म्हणतात) इतक्या उभ्या उतारावर असतात, की दगडी बांध रचून पायऱ्या कराव्या लागतात आणि बहुतेक कामे हातानेच होतात. पण ती माणसे हौसेने डोंगरावर चढलेली नाहीत. सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर सूर्य तिरपा असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन अधिक सरळ पडते, गार हवा दरीत उतरते आणि घड पिकण्याइतकी ऊब मिळते. म्हणजे उतार हा तिथे थंडीवरचा उपाय आहे. आपण २१ अंशांवर राहतो. आपल्याला उन्हाची टंचाई कधी पडली?

आपली खरी अडचण आंबटपणाची आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेल हिवाळ्यात पुरती झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि वाइनची द्राक्षे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे ऊन तापू लागते. दिवस-रात्र ऊब राहिली की साखर भराभर चढते, मण्यातले मॅलिक आम्ल मात्र जळून जाते, आणि रसाचा पीएच वर सरकतो, म्हणजे आंबटपणा घटतो.

बाहेरून काही न घालता वाइन करायची, तर हे आम्लच तिचे राखणदार असते. लाल रंग सालीत असतो, त्यामुळे द्राक्षे ठेचून सालीसकट आंबवतात, तेही सालीवरच्या आणि कोठारातल्या रानटी यीस्टच्या भरवशावर. फसफसणाऱ्या वायूबरोबर साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोनतीनदा दांड्याने रसात दाबावा लागतो. हयगय झाली की थर वरून सुकतो आणि शिरक्याचा वास सुटतो. रस पस्तीस अंशांच्या पुढे तापला तर यीस्ट मान टाकते, साखर तशीच उरते आणि जिवाणूंचे फावते. मोठ्या वायनरीत अशा वेळी जिवाणूंना रोखणारे सल्फाइट आणि टाकी थंड करणारी यंत्रणा हाताशी असते. सल्फाइट नको म्हणणाऱ्याला निदान थंडावा तरी चोवीस तास लागतो, आणि आमच्या शेतातली वीज कशी येते-जाते ते तुम्ही जाणताच.

गाईंचा भाग मला सगळ्यांत सोपा वाटतो. रसायने टाळून शेणखतावर भर देणाऱ्या बायोडायनॅमिक शेतीचा पाया ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांत आहे. गाईच्या शिंगात ताजे शेण भरून ते हिवाळाभर पुरायचे. काढल्यावर शेणाचा वास गेलेला असतो आणि हाताला ओलसर काळी माती लागते. त्यातले मूठभर घेऊन ते पाण्यात तासभर, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, घुसळून शिंपडतात. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या अमरावती जिल्ह्यात, जिथे जीवामृताचे (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रावणाचे) ड्रम बांधाबांधावर दिसतात, तिथे या प्रकाराचे नवल वाटू नये. शिंगामुळेच काही वेगळे घडते हे मला पटलेले नाही. कंपोस्ट आणि आच्छादनाने जमीन सुधारते हे मात्र पटते.

“औषधे न फवारता” हेही अर्धेच खरे आहे. अशा बायोडायनॅमिक बागांत गंधक आणि बोर्डो मिश्रण मर्यादेत चालते. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोगासाठी आपण जी बोर्डो पेस्ट लावतो, त्या मोरचूद-चुन्याचे मूळ फ्रान्समधल्या द्राक्षबागांतच आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली ते केवडा या द्राक्षाच्या रोगावरचे औषध म्हणून मांडले.

परवान्याचे सोपस्कार वेगळेच, आणि आमच्या मागचा डोंगर बराचसा वनखात्याचा. तरीही कोणाची मालकीची जमीन चिखलदऱ्याच्या उंचीवर, म्हणजे हजारेक मीटरवर असेल, तर तिथल्या गार रात्रींच्या भरवशावर त्याने थोड्या वेली जरूर लावून पाहाव्यात. पाण्याचा निचरा आणि हलकी मुरमाड जमीन हे उताराचे फायदे त्याला मिळतील. पावसाळ्यात माती वाहू नये म्हणून समतल चर आधी खणावेत. घड पिकले की रस काढून पीएच मोजावा, आणि तो ३.७ च्या वर गेला तर ती द्राक्षे पाहुण्यांना खायला द्यावीत.