नीट विचार केलास ना?

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. खरं तर आज सगळं नीट पार पडलं. गर्भपाताची पहिली गोळी धाकट्या बहिणीनं दवाखान्यातच घेतली, पुढच्या परवा. आठवा आठवडा, म्हणजे गोळ्यांच्या नऊ आठवड्यांच्या मर्यादेत आहे. डॉक्टरबाई शांतपणे सगळं समजावून सांगत होत्या. तरी माझं मन त्या बाकावरून उठायलाच तयार नाही.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर आलेत का?" मी तिथल्या तिथं सुनावलं, की बाई सज्ञान असेल तर कायद्यानं फक्त तिची सही लागते, नवऱ्याची नाही. आवाज चढला होता माझा. धाकटी फॉर्मचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती. आणि पाचच मिनिटांनी बाकावर बसल्यावर मीच तिला विचारलं, "नीट विचार केलास ना?"

ती म्हणाली, "तू पण, ताई?" बस, एवढंच. मग फोनमध्ये बघत राहिली.

रजा मी टाकली, आईला थोपवलं मी, वहिनीचं "जीव तो जीव" ऐकून घेतलं तेही मीच. आणि तिच्या लक्षात राहणार ते हे एक वाक्य. घरी येताना रिक्षात फार वाईट वाटत होतं. माझी काळजी कुणालाच कशी दिसत नाही, असं.

पण काळजीच होती का ती? तिच्या मोठ्या मुलाच्या वेळी तिनं बातमी दिली तेव्हा मी तिला मिठी मारली होती. नोकरी नवीन, घर भाड्याचं, आणि तिचं नि नवऱ्याचं ते सगळं तेव्हाही चालूच होतं. तेव्हा नाही विचारलं मी, नीट विचार केलास का म्हणून. मूल होऊ द्यायचं हाही निर्णयच होता की. त्याचा हिशोब कुणी मागितला नाही. याचा मात्र मीसुद्धा मागितला.

कॉलेजात असताना या विषयावर मी तावातावानं बोलायचे. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ थॉमसन यांचा 1971 सालचा तो दृष्टान्त तोंडपाठ होता: झोपेतून जागी होतेस तर एक आजारी व्हायोलिनवादक तुझ्या शरीराला जोडलेला, नऊ महिने तुझ्याच मूत्रपिंडांवर जगणार. त्याला जगण्याचा हक्क आहे हे मान्य केलं, तरी तुझं शरीर वापरायचा हक्क त्याला मिळतो का? मला तो आजही पटतो. पण गर्भ म्हणजे नुसता पेशींचा गोळा, हे मला कधीच म्हणता आलं नाही. वहिनीच्या म्हणण्यात काहीतरी आहे, म्हणून तर ते टोचतं. तरीही निर्णय धाकटीचाच, यावर मी ठाम आहे. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

आपला गर्भपाताचा कायदाही 1971 चाच. 2021 च्या दुरुस्तीनं त्यातली 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' ही भाषा जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' अशी आली. पण 'मला नकोय' एवढं कारण त्यात अजूनही पुरत नाही. गर्भनिरोधक फसलं, त्याचा मनावर गंभीर आघात होईल, असं डॉक्टरांचं मत व्हावं लागतं. म्हणजे परवानगी हवी तर आधी खचलेलं असायला हवं. धाकटी खचलेली नाही. ती दमलीय. त्याला रकाना नाही.

ऑक्टोबर 2023 मधलं ते सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण आज सारखं आठवतंय. दोन मुलांची आई, सव्वीस आठवडे उलटलेले. खंडपीठानं आधी परवानगी दिली, दोनच दिवसांनी त्याच दोघी न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. न्या. हिमा कोहली यांचं मन तयार होईना, न्या. नागरत्ना म्हणाल्या, तिच्या निर्णयाचा मान राखा. शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. दोघींनी नीटच विचार केला होता ना? तरी उत्तरं दोन आली.

मग धाकटीकडून मला काय हवं होतं? तिनं म्हणावं, "हो ताई, शंभर टक्के." म्हणजे मी मोकळी. तिची खात्री मला माझ्यासाठी हवी होती. हे लिहिताना हात अडतोय, पण आहे ते असं आहे. तिला थोडी शंका असेल, ती उद्या रडेलही. त्यानं निर्णय चुकीचा ठरत नाही. आणि माझ्याजवळ रडायची वाट मी आज जवळजवळ बंद करून आले.

माफीचा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला.

आत्ता तिचाच आला. "परवा येताना गरम पाण्याची पिशवी आण. आमची फुटलीय."

माळ्यावर नव्हती, कपाटात सापडली. बूच जरा सैल वाटतंय. पाणी भरून रात्रभर मोरीत पालथी ठेवली आहे, सकाळी कळेल गळते का ते.