क्लिट सक्शन टॉय पहिल्यांदा वापरलं त्याबद्दल, माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, या सक्शन टॉयमध्ये नावाइतकं ओढणंबिढणं काही नसतं. मला घ्यायच्या आधी हीच भीती होती की व्हॅक्युम क्लीनरसारखं चिकटून बसेल, दुखेल, आणि सुटलंच नाही तर कोणाला सांगणार! तसं काही होत नाही. पुढच्या टोकाला सिलिकॉनची एक छोटी वाटी असते, तिच्या तळाशी एक पातळ पडदा, आतली मोटर तो पडदा भराभर मागेपुढे करते आणि त्यामुळे वाटीतल्या हवेचा दाब सेकंदाला कितीतरी वेळा कमीजास्त होतो. क्लिटोरिसला, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूला असतो त्या छोट्या हळव्या दाण्याला, जाणवतात ते हे हवेचे ठोके. वाटीची कडा तेवढी त्वचेला टेकते, मध्ये कशाचाच स्पर्श नसतो. पहिलं असं यंत्र 2014 मध्ये जर्मनीत निघालं, मिखाएल लेंके नावाच्या माणसाने बनवलं, त्याचं नाव वूमनायझर (हे नाव कोणी सुचवलं देव जाणे). मग 2016 ला सॅटिसफायर आलं, ते बरंच स्वस्त, आणि त्यानंतर सगळ्यांनीच काढायला सुरुवात केली.

माझ्याबद्दल थोडं, कारण त्यावर बरंच काही अवलंबून आहे. छत्तिशी पार, लग्नाला बरीच वर्षं झालीत, एक मुलगा, ठाण्यात टू बीएचके, सासूबाई बाजूच्या खोलीत. म्हणजे एकांत हा आमच्याकडे ठरवून मिळवावा लागतो. व्हायब्रेटर वगैरे याआधी कधी हातातही धरलेलं नव्हतं.

घेतलं कशासाठी तर सरळ कारण आहे, नुसत्या संभोगाने मला ऑरगॅझम क्वचितच येतो आणि कितीतरी वर्षं मला वाटत होतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग वाचायला लागले. अमेरिकेत हजारावर बायकांना विचारून केलेला एक अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात साधारण 18 टक्केच बायका म्हणाल्या की नुसता संभोग पुरतो, बाकी बहुतेकींना क्लिटोरिसला काहीतरी हवंच असतं किंवा त्याने जास्त चांगलं वाटतं. आणि हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरबाईंनी 1998 मध्ये नीट दाखवून दिलं की बाहेर दिसतं ते फक्त टोक, खरा अवयव आत दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. 1998! तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आला होता. आणि ते सगळीकडे सांगतात ना की क्लिटोरिसमध्ये 8,000 नसा असतात, तो आकडा गाईंवरच्या अभ्यासातून आलेला. माणसांच्या नसा 2022 मध्ये ओरेगनमधल्या डॉक्टरांनी मोजल्या, दहा हजारांच्या वर निघाल्या. इतकी वर्षं आपल्याला गाईचा आकडा सांगत होते, यावर हसू की रडू कळेना.

असो. खरेदी. भारतात ऑनलाइन मिळतं, पण पानावर बहुतेक ठिकाणी "पर्सनल मसाजर" किंवा "बॉडी मसाजर" असंच लिहिलेलं असतं, ते शोधायचं. मला कायद्याची धाकधूक होती म्हणून तेही वाचलं. घरात स्वतः वापरायला बंदी करणारा कायदा नाही, भानगड असते ती अश्लील वस्तू विकण्याबद्दलच्या कलमाची आणि कस्टम्सची. कस्टम्सने बॉडी मसाजरचा माल अडवलेला, म्हणे हे सेक्स टॉय म्हणून वापरता येतील, आणि आधार काय तर 1964 चं नोटिफिकेशन. मार्च 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने कस्टम्सचं म्हणणं फेटाळलं. दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय मात्र जवळजवळ नाहीच, गोव्यात कळंगुटला 2021 ला असं एक दुकान उघडलं तर थोड्याच दिवसात पंचायतीने बंद करायला लावलं. त्यामुळे आपल्याला फोटो बघूनच घ्यावं लागतं.

किंमत म्हणाल तर दोन-तीन हजारांपासून पुढे कितीही. मी मधलं घेतलं. बघितलं काय, तर वाटी मेडिकल ग्रेड सिलिकॉनची आहे का, ती काढून धुता येते का, आणि पाण्यात बुडवलेलं चालतं का, म्हणजे आयपीएक्स7 लिहिलंय का. गुलाबाच्या फुलासारखा आकार, पन्नास मोड, गरम होणारं टोक असलं जे काय येतं ते मला तरी उगाच वाटलं. मोड कितीही असू देत, शेवटी सगळ्याजणी दोन-तीनच वापरतात असं माझं मत आहे. लेव्हल, म्हणजे जोराच्या पायऱ्या, मात्र भरपूर हव्यात, आणि सगळ्यात खालची लेव्हल खरंच हलकी हवी. स्वस्तातल्या काहींची पहिली लेव्हलच दणदणीत असते म्हणतात. पार्सल साध्या खाकी खोक्यात आलं, वर काही लिहिलेलं नव्हतं, सासूबाईंनीच सही करून घेतलं आणि विचारलं काय मागवलंस, मी म्हणलं पाठीचा मसाजर. म्हणाल्या मला पण दे हो, पाठ फार दुखते. त्यांना मग खरंच एक वेगळा पाठीचा मसाजर आणून द्यावा लागला.

आता मुख्य गोष्ट. ज्या मैत्रिणीने हे सुचवलं ती म्हणाली होती, "अगं दोन मिनिटं लागतात, बघच तू." ऑनलाइन पण सगळीकडे तेच. दोन मिनिटं, एक मिनिट, तीस सेकंद. माझ्या मते नवीन बाईचं सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण मग आपण घड्याळ लावून बसल्यासारखं करतो आणि काही झालं नाही की परत तेच, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

माझं पहिल्या वेळी काय झालं तर गुदगुल्या. एवढंच. घर रिकामं होतं, फुल चार्ज करून ठेवलेलं, लावलं, घुर्रर्र आवाज, आणि गुदगुल्या, मग थोडं टोचल्यासारखं, मग काहीच नाही. मधेच वाटायचं हं आत्ता काहीतरी, की लगेच ते हललेलं असायचं. शेवटी कंटाळून बंद केलं आणि जाऊन चहा टाकला. पैसे गेले असंच वाटलं त्या दिवशी.

हे बहुतेकींचं होतं हे नंतर कळलं. जागा सापडणं हाच अर्धा खेळ आहे, टॉयला काही कळत नसतं. जवळजवळ सगळ्याजणी वाटी थोडी खाली लावतात, कारण आपण आपल्याला नीट बघितलेलंच नसतं. आरसा घ्या, लाजू नका, कोणी बघत नाहीये. वरच्या बाजूला जिथे आतल्या पाकळ्या एकत्र येतात तिथे त्वचेची छोटीशी टोपी असते आणि तिच्याखाली क्लिटोरिस. आधी बोटाने शोधायचं, मग वाटी अशी टेकवायची की ते मधोमध येईल. कडेला वॉटर बेस्ड ल्युब्रिकंटचा, म्हणजे पाण्यावर आधारित बुळबुळीत जेलचा, थेंब लावला की हवा बाजूने निसटत नाही आणि घासलंही जात नाही. सिलिकॉन बेस्ड ल्युब्रिकंट नको, त्याने सिलिकॉनची वाटी खराब होऊ शकते. खोबरेल तेल पण नको, हो मला माहितीये घरात तेच असतं.

दाबायचं नाही. हे मला कळायला वेळ लागला कारण काही जाणवेना की हात आपोआप दाबतो, आणि दाबलं की वाटी भरून जाते, हवेला हलायला जागाच राहात नाही आणि जाणवतं ते आणखी कमी. नुसतं टेकवून ठेवायचं. आणि एक, कोऱ्या शरीरावर एकदम सुरू करायचं नाही. आधी मन लागलेलं हवं, जे काय तुम्हाला चालतं ते वाचा, आठवा, बोटांनी सुरुवात करा. उत्तेजना आली की तिथे रक्त भरतं, थोडी सूज येते, आणि तेच हवेचे ठोके जे आधी गुदगुल्या वाटत होते ते वेगळेच वाटायला लागतात. माझ्या बाबतीत एवढाच फरक होता. तेच यंत्र, तीच लेव्हल.

थेट फार झोंबत असेल तर ती त्वचेची टोपी तशीच राहू द्यायची आणि तिच्यावरूनच लावायचं, किंवा किंचित डावीउजवीकडे सरकवायचं. काहीजणींना उलटं, टोपी हळूच वर ओढल्याशिवाय काही कळत नाही. सगळ्यांची ठेवण सारखी नसते, वाटीचं तोंड लहान पडू शकतं, म्हणून काही कंपन्या दोन मापाच्या वाट्या देतात, मिळत असतील तर तसंच घ्या. मी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवरच होते आणि अजूनही फार वर जात नाही. वर नेलं की ऑरगॅझम येतो खरा, पण एकदम येतो आणि फट्‌कन संपतो, काही कळायच्या आत. खालच्या लेव्हलवर सावकाश चढतो तो मला आवडतो. मैत्रिणीला बरोबर उलटं आवडतं.

आणि चढायला लागलं की काही बदलायचं नाही! ना लेव्हल, ना जागा. हात जिथे आहे तिथे. कोपराखाली उशी घ्या म्हणजे हात अवघडत नाही.

मधेच शू लागल्यासारखं वाटतं. घाबरून मी पहिल्यांदा थांबलेच होते. मूत्रमार्ग तिथेच जवळ आहे आणि त्या नसांना ती संवेदना नवीन असते, म्हणून वाटतं. आधी जाऊन यायचं म्हणजे मनात धाकधूक राहात नाही. ऑरगॅझमनंतर क्लिटोरिस इतकं हळवं होतं की एक सेकंदही सहन होत नाही, म्हणून बंद करायचं बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे. बऱ्याच मॉडेलना वजाचं बटण एकेक लेव्हल खाली आणतं, पूर्ण बंद करायला दाबून धरावं लागतं. आधी हातात घेऊन प्रॅक्टिस करा, हे गंमतीत नाही सांगत, कारण यंत्र त्वचेपासून उचललं की त्याचा आवाज एकदम मोठा होतो. टेकलेलं असतं तोवर बारीक घुरघुर, उचललं की घुर्रर्रर्र. टू बीएचकेमध्ये याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. उचललंच तर तोंड लगेच मांडीला किंवा तळव्याला टेकवा. पंखा पाचवर, दार लावलेलं, पांघरूण वर, एवढं केलं की बाजूच्या खोलीत जात नाही, मी स्वतः बाहेर उभी राहून ऐकलंय, आत ते मांडीला टेकवून धरायला कोणी नव्हतं म्हणून उशीखाली चालू ठेवून.

नवऱ्याला सांगायचं की नाही यावर मी खूप विचार केला. सांगितलं. तो आधी गप्प, मग म्हणाला, "म्हणजे माझी गरज नाही का आता?" हसत म्हणाला पण पूर्ण हसण्यावारी नव्हतं ते. मी म्हणलं अरे तुला जमत नाही म्हणून नाही आणलं, मला काय जमतं ते मलाच माहीत नव्हतं म्हणून आणलंय. मग त्याने हातात घेऊन आपल्या तळव्याला लावून बघितलं, चार्जिंग किती टिकतं विचारलं, त्या इंजिनियरला त्यातच जास्त इंटरेस्ट. आता कधी कधी दोघं असतानाही वापरतो. सगळ्या पोझिशनमध्ये मध्ये जागा होत नाही, कुशीवर झोपून सोपं जातं.

सवय लागेल का, नंतर हाताने काही कळणारच नाही का, हे सगळ्याजणी विचारतात. खूप वेळ किंवा जोरात वापरलं की थोडा वेळ बधिर वाटतं, लालसर होतं, ते आपोआप जातं. मधे दिवस सोडायचे, कधी हाताने, कधी याने. माझ्या गायनॅकला नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा विचारलं, जीभ अडखळत होती, त्यांनी मात्र वर न बघता लिहीत लिहीत सांगितलं की वापरा, फक्त इन्फेक्शन, फोड, जखम असेल किंवा बाळंतपणाचे टाके भरले नसतील तर थांबा, आणि दुखलं तर रेटू नका, दाखवायला या. पेसमेकर असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि ते बाहेरच वापरायचं, योनीच्या तोंडाला लावायचं नाही. प्रेग्नंट असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वापरून झालं की वाटी काढायची, कोमट पाणी आणि साधा साबण, खाचा बोटाने नीट पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच पिशवीत. खाचांमध्ये ओल राहिली की वास येतो. चार्जिंगला मॅग्नेटची केबल असते, ती हरवली की दुसरी मिळणं कटकटीचं, म्हणून पिशवीतच ठेवते. प्रवासात नेणार असाल तर लॉक लावता येतो का ते बघा, नाहीतर बॅगेत आपोआप सुरू होतं आणि मग शिवशाहीत सगळे इकडेतिकडे बघायला लागतात.

हे सगळं ऐकून ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, "एवढे पैसे घालायच्या आधी तुझंच दे ना एकदा ट्राय करायला." अगं नाही गं बाई. टूथब्रश तरी देईन का मी तुला? आमच्यावाल्याची लिंक पाठवलीये तिला, सेल लागलाय म्हणे.