शिंदे आणि स्मिथ एकाच डब्यात

घरातल्या जुन्या फोटोंना माहिती टाइप करत बसायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून आमच्याकडं फोटो बघत बघत मोबाईलमध्ये नुसतं बोलून ठेवायचं चालू केलंय, प्रत्येक फोटोला एक व्हॉइस नोट. पण मग शोधायचं कसं? आवाजाचं टेक्स्ट करा आणि त्यात सर्च मारा, असं कोणीही सांगेल, पण घोळ तिथंच आहे. आजी म्हणते "ह्यो तुझा मामा न्हवं का" आणि मशीन लिहितंय "मामा नवं का". आपलं बोलणं आधी पुस्तकी मराठीत कोंबायचं आणि मग त्या चुकीच्या अक्षरांत शोधायचं, ह्याला काय अर्थ आहे?

त्यापेक्षा उच्चार उच्चाराशी जुळवायचा. आयडिया लई जुनी आहे, अमेरिकेत रॉबर्ट रसेलनं १९१८ लाच साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, झाला कोड. शिंदे इंग्रजी स्पेलिंगनं घातलं की एस ५३० येतो, ग्वाल्हेरवाल्यांच्या 'एससी'नं सुरू होणाऱ्या सिंधियाचा पण एस ५३०, म्हणजे एकच आडनाव बरोबर सापडलं, भारी! आणि स्मिथ? त्याचा पण एस ५३०. म आणि न एका आकड्यात, द आणि ट एका आकड्यात, मग दुसरं काय होणार.

आपल्याला तर शाळेत पाठ केलेली वर्णमाला हेच तयार टेबल आहे राव. क-वर्ग घशातनं, त-वर्ग दाताला जीभ लावून, प-वर्ग ओठातनं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायची पद्धत रशियन गणिती लेव्हेनश्टाइननं १९६५ मध्ये मांडली, त्यात फक्त प्रत्येक बदलाचा दंड कमीजास्त ठेवायचा: ट च्या जागी ठ आला तर थोडा, म आला तर जबरी, आणि ण-न ला जवळजवळ माफी, कारण इकडं पाणी पण चालतं आणि पानी पण. जोतिबा आणि ज्योतिबा मग एकाच सर्चमध्ये येतात. फक्त हे लिहिलेल्या अक्षरांवर करून भागत नाही, चहातला च वेगळा आणि चांगभलंमधला वेगळा, म्हणून नोट आणि आपण विचारलेला शब्द दोन्हींची आधी ध्वनींची साखळी करून घ्यायची. आणि यात्रेतल्यासारखं कोणी "चांगऽऽभलं" ताणलं तर डायनॅमिक टाइम वार्पिंग आहे, ते ताणलेला आवाज आखडून बसवतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या संशोधकांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत, तिथं असलं सर्च काय बहार आणेल, एकच ओवी गावागावात वेगळ्या उच्चारात!

मार खातंय ते छोट्या शब्दांत. गगनबावडा म्हणा, पटकन सापडतो, एवढ्या लांब नावासारखं दुसरं काही नसतंच. पण "वाडी" म्हटलं की गाडी, साडी, माडी सगळी वरात येते. म्हणून आजीला सांगितलं की नोटमध्ये नीट "नरसोबाची वाडी" असं पूर्ण म्हणत जा, तर म्हणते, "वाडी म्हंजे वाडीच की, आनि कुठली?"