एका 'एच'पायी साडेचार महिने अडकलेला सौर पंप : माझा अनुभव

पंप चालू होऊन आता बरेच दिवस झालेत तरी संस्थेच्या नावातल्या एका इंग्रजी 'एच'साठी मारलेल्या बँकेच्या चकरा आठवल्या की अजून डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. दुसऱ्या कुणाचे तरी महिने वाचतील.

आम्ही नाशिकचे सात-आठ इंजिनिअर. मी एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, बाकीचे सिव्हिल, पंप, कंट्रोल पॅनेलवाले, आणि एक मैत्रीण सीए, तिला आम्ही इंजिनिअरच धरतो. शनिवार-रविवारी पेठ-सुरगाणा भागातल्या पाड्यांवर जातो. तिकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि मार्च लागला की बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. आमच्या पाड्याची विहीर खाली ओहोळाजवळ, घरं वर, पाणी चढवायची उंची 85 मीटर. विहिरीला मेमध्येही पाणी असतं, फक्त ते वर आणायला वीज नाही. सौर पंप इथे छान बसतो कारण टंचाईचे महिने तेच कडक उन्हाचे महिने. जलजीवन मिशनचा माणशी रोज 55 लिटरचा निकष धरला, 70 घरं, साधारण 350 माणसं, म्हणजे 19 हजार 250 लिटर झाले, म्हणून 20 हजार लिटरची टाकी, 3 एचपीचा पंप आणि 335 वॅटची 9 पॅनेल. डिझाइनला दोन रविवार लागले. सगळा खर्च 6 लाख 80 हजार, त्यात पाइपलाइनचा चर खोदणं पाड्यावरच्यांचं श्रमदान आणि आमची मेहनत फुकट.

पैसे कुठून आणायचे? आधी सगळ्यांना वाटलं अमेरिकेतले मित्र देतील. ते तयारही होते. पण इथे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो आणि बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं म्हणून सांगतो, ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी धरत नाहीत, मग तो कुठेही राहत असो. पण एकदा तिकडचं नागरिकत्व घेतलं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, की ते पैसे परदेशी, आणि ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नाही तिने ते घ्यायचेच नाहीत. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेने घेऊन आपल्याला द्यायचे हाही रस्ता 2020 च्या दुरुस्तीने बंद झालाय. आमचे पाचातले चार मित्र ओसीआयवाले निघाले, विषय तिथेच संपला.

मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च. निव्वळ नफा 5 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ 500 कोटी, यातलं एक जरी बसलं तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. लोक नेहमी मोठ्या नावांच्या मागे लागतात. आमचा अनुभव असा की 5 कोटीवाल्या मधल्या कंपन्या जास्त लवकर ऐकतात, कारण सीएसआरची रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर वेगळी कमिटी लागत नाही, बोर्डच ठरवतं, म्हणजे मालकाला पटलं की झालं. आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीच्या मालकांना पाड्यावर नेलं, ते दरी उतरून विहिरीपर्यंत आले, वर चढताना तीनदा बसले, आणि परत गाडीत बसायच्या आत हो म्हणाले. ही जुलै 2023 ची गोष्ट.

कंपनी आमच्या ग्रुपला थेट पैसे देऊ शकत नाही. 12ए आणि 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) असलेली, तीन वर्षं तसंच काम केलेली, एमसीए म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घेतलेली संस्था लागते. तालुक्याच्या गावी एक जुनी संस्था आहे, तिचे सचिव आप्पा, सत्तरीचे, सगळी कागदपत्रं एका लोखंडी पेटीत वर्षावार बांधून ठेवणारे. सीएसआर-1 आमच्या सीए मैत्रिणीने भरून दिला, त्याला विश्वस्ताची डिजिटल सही लागते ती आधी काढून ठेवा. नंबर आला. आम्ही पाइपवाल्याला फोनसुद्धा करून टाकला होता.

आणि कंपनीच्या अकाउंट्समधून मेल आला, कॅन्सल चेकवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही.

संस्थेच्या नावात शेवटी 'प्रतिष्ठान' आहे. आता प्रतिष्ठान इंग्रजीत कसं लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवलंय. पॅन काढताना कुणीतरी 'एस'नंतरचा 'एच' गाळला. 12ए, 80जी, सीएसआर-1 सगळं पॅनवरून आलेलं, म्हणून तिथेही 'एच' नाही. बँकेचं खातं त्याच्याही आधीचं, 1998 सालचं, त्यात 'एच' आहे. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

आम्हाला वाटलं बँकेत जाऊन खात्याचं नाव पॅनप्रमाणे करून घेऊ, एका दिवसाचं काम. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकून आप्पांना घेऊन शाखेत गेलो. मॅडमनी सांगितलं विश्वस्तांचा ठराव आणा. आणला. मग म्हणाल्या हेच स्पेलिंग बरोबर आहे याचा पुरावा द्या. पॅन दाखवलं. नाही, मूळ नोंदणी प्रमाणपत्र पाहिजे. ते मराठीत! त्यात स्वच्छ देवनागरीत 'प्रतिष्ठान' लिहिलंय, त्यात इंग्रजी 'एच' आहे की नाही हे कसं दाखवणार? मी तिथे अर्धा तास हे समजावत होतो, की बाई हे नाव एकच आहे, भाषा वेगळी आहे, आणि त्या शांतपणे म्हणत होत्या की आमच्या सिस्टिमला ते चालत नाही.

मग प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं, त्यात पॅनप्रमाणे स्पेलिंग घातलं. ऑक्टोबर. शाखेने ते वरच्या कार्यालयात पाठवलं. तीन आठवड्यांनी परत, ठरावाच्या प्रत्येक पानावर गोल शिक्का नाही. शिक्का मारून दिला. दिवाळी आली. डिसेंबरमध्ये पुन्हा परत, कारण काय तर ठरावावरची आप्पांची सही 1998 च्या नमुना सहीशी जुळत नाही. अहो माणसाचा हात थरथरतो आता, पंचवीस वर्षं झाली! आप्पा त्या काउंटरसमोर पाच वेळा सही करून दाखवत होते आणि मॅडम मान हलवत होत्या, ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आप्पांनी बाहेर येऊन मलाच चहा पाजला. प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात होईल' हे ऐकून आम्ही थांबत राहिलो ही आमची चूक. माझ्या पाच रजा गेल्या, आप्पांच्या एसटीच्या चकरा मोजल्याच नाहीत.

आणि तिकडे 31 मार्च जवळ येत होता. कंपनीच्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे या वर्षाचं बजेट आहे, वर्षात खर्च झालं नाही तर ते पैसे कायद्याने सांगितलेल्या फंडात भरावे लागतील, मग पुढच्या वर्षी नव्याने बघू. पाड्यावर मात्र लोकांनी चर खोदून ठेवला होता, जवळजवळ सगळा.

जानेवारीत सीए मैत्रीण वैतागून म्हणाली, अरे नाव बदलायला कशाला बसलाय, दुसऱ्या बँकेत पॅनच्या स्पेलिंगने नवीन खातं उघडा. आप्पांची तयारी नव्हती कारण संस्थेचं सगळं याच खात्यात येतं. तिने समजावलं की जुनं तसंच राहू दे, हे फक्त सीएसआरसाठी. नवीन खातं अकराव्या दिवशी चालू झालं. अकरा दिवस! ते सुद्धा आप्पांनी नव्या विश्वस्ताचा बदल अर्ज (विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात भरायचा) 90 दिवसांच्या मुदतीत भरून मंजूर करून ठेवला होता म्हणून, तो पेंडिंग असता तर नवीन बँकेनेही हात वर केले असते. हा मुद्दा कुठल्याही संस्थेबरोबर काम करणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, बदल अर्ज मंजूर आहेत का, ऑर्डरची कॉपी दाखवा.

फेब्रुवारीच्या मध्यात पैसे आले आणि मार्चच्या तिसऱ्या रविवारी टाकीत पाणी पडलं. त्या दिवसाचं मी काय लिहू. एक आजी टाकीच्या तोटीखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या, पाणी भरत नव्हत्या, पीत नव्हत्या, नुसता हात.

काही गोष्टी मध्ये सुटल्या त्या सांगतो. प्रपोजल लिहायच्या आधी पॅन, चेक, 80जी आणि सीएसआर-1 चार कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, प्रतिष्ठान, शिक्षण, विकास, ग्रामीण असले शब्द तर हमखास दोन-तीन प्रकारे लिहिलेले सापडतात. पंपाची मालकी कोणाची हे आधीच ठरवा, सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, आम्ही ग्रामसभेचा ठराव करून ग्रामपंचायतीच्या नावावर घेतली. कोटेशन जीएसटी धरूनच घ्या, आम्ही एकात विसरलो होतो आणि फरक ग्रुपने वर्गणी काढून भरला. किरकोळ देणगीदारांना सांगा की रोख 2000 च्या वर दिलं तर 80जीची सवलत मिळत नाही. आणि देखभालीचे पैसे कंपनी देत नाही, आमच्या पाड्यावर घरटी महिना 30 रुपये बचत गटाच्या ताई गोळा करतात, फ्यूज आणि वॉशर त्यातूनच आले.

भाषांतराचा नोटरी केलेला मसुदा आणि नवीन खात्यासाठीचा ठराव माझ्याकडे टाइप केलेला आहे, कुणाला लागला तर नावं काढून देतो.