आयसीडी टाकताना: जागा, बोट आणि बाटली

आयसीडी म्हणजे छातीतली हवा किंवा रक्त बाहेर काढायला फासळ्यांमधून घालायची ट्यूब. टेन्शन न्यूमोथोरॅक्सचं (फुप्फुसाबाहेर हवा कोंडून दाब वाढण्याचं) निदान एक्स-रेवर झालं, तर ते उशिरा झालं. श्वास लागलेला, बीपी पडलेलं, एका बाजूला एअर एन्ट्री (श्वासाचा आवाज) नाही आणि ठोकल्यावर पोकळ आवाज, एवढं पुरे आहे. ट्रॅकिया (श्वासनळी) सरकलेली दिसेपर्यंत थांबू नका, ते अगदी शेवटचं लक्षण. मानेच्या फुगलेल्या शिरांवरही भिस्त नको. पोटात किंवा मांडीत लिटरभर रक्त गेलेल्या पेशंटच्या शिरा फुगणार कशा?

कोंडलेली हवा तातडीने सोडायला सुई कुठे घालायची यात बदल झालाय. मोठ्या माणसात आता फासळ्यांमधली चौथी किंवा पाचवी जागा, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे. एटीएलएसच्या (ट्रॉमा उपचारांच्या प्रशिक्षणक्रमाच्या) 2018 च्या दहाव्या आवृत्तीने हे बदललं, तरी कॉलरबोनखालची दुसरी जागाच हाताला सवयीची. पुढून छातीची भिंत जाड असते आणि नेहमीचा पाच सेंटिमीटरचा कॅन्युला (सुईवरची प्लास्टिकची नळी) पुष्कळदा प्लुरापर्यंत (फुप्फुसाभोवतीच्या आवरणापर्यंत) पोचतच नाही. आठ सेंटिमीटरचा बहुतेकांत पोचतो. लहान मुलांत मात्र अजून कॉलरबोनखालची दुसरी जागाच. कॅन्युला दुमडतो, गुठळीने बंद होतो, म्हणून सुईने फक्त काही मिनिटं मिळतात. लगेच आयसीडीची तयारी.

हात डोक्यामागे घ्या. पुढे पेक्टोरॅलिस या छातीच्या स्नायूची कड, मागे लॅटिसिमस या पाठीच्या स्नायूची कड, खाली निप्पलची आडवी रेषा: या त्रिकोणाच्या आतच राहायचं. बायकांत निप्पलवर विसंबू नका, फासळ्या मोजा. ‘रक्त खाली साचतं, म्हणून ट्यूब खाली’ या हिशेबाने सातव्या-आठव्या जागेत शिरणाऱ्यांच्या ट्यूब लिव्हरमध्ये आणि स्प्लीनमध्ये जातात. श्वास सोडताना डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला पडदा) पाचव्या जागेपर्यंत वर येतो, हे विसरलं की झालंच.

शुद्धीत असलेल्या पेशंटला भूल नीट द्या. साधं लिग्नोकेन किलोला 3 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोला 180 मिलिग्रॅम. दोन टक्क्यांचं फक्त 9 मिली बसतं. तेवढंच सलाईन मिसळलं की 18 मिली होतं आणि कातडी, फासळीचं आवरण, प्लुरा या सगळ्यांना पुरतं. सगळं औषध कातडीतच संपवून टाकू नका, खरं दुखतं ते आवरण आणि प्लुरा.

फासळीला समांतर तीन सेंटिमीटरचा छेद. मोठी आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) खालच्या फासळीच्या वरच्या कडेवरून न्यायची, कारण शिरा, धमनी आणि नर्व्ह वरच्या फासळीखालच्या खोबणीत असतात. दुसरा हात अडसर म्हणून टोकाजवळ धरा, नाहीतर प्लुरा फुटताच फोर्सेप्स थेट फुप्फुसात. आत शिरली की तोंड उघडा आणि उघडीच बाहेर काढा.

आता बोट. ही पायरी गाळून ट्रोकारवर (ट्यूबमधल्या टोकदार दांड्यावर) ट्यूब ढकलणं मला मान्य नाही, किटमध्ये ट्रोकार आला तरी बाजूला ठेवा. बोट चहूबाजूंनी फिरवा. मऊ फुप्फुस श्वासाबरोबर बोटाला येऊन टेकतं, म्हणजे जागा बरोबर आहे. आपल्याकडे जुना टीबी होऊन गेलेले पेशंट पुष्कळ, त्यांत फुप्फुस भिंतीला चिकटलेलं लागतं; घट्ट चिकटलेलं सोडवत बसू नका, वेगळी जागा घ्या. डाव्या बाजूला आतडं किंवा जठर हाताला लागलं तर डायफ्रॅम फाटलाय, ट्यूब घालू नका आणि सर्जनला बोलवा. मोडक्या फासळीचं टोक ग्लोव्ह फाडतं, म्हणून दोन ग्लोव्ह आणि सावकाश.

ट्यूब 28 ते 32 फ्रेंच (हे जाडीचं माप). ट्रॉमाला 36-40 लागतेच, हा जुना आग्रह आता राहिलेला नाही. बाहेरचं टोक क्लॅम्प करा, मागे आणि वर वळवा, शेवटचं छिद्रही आत गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं की कातडीखाली हवा भरते आणि मान फुगते. एक नंबर सिल्कच्या धाग्याने बांधा. एक्स-रेवर ट्यूबची पांढरी रेष जिथे तुटते तिथे शेवटचं छिद्र असतं. ती तुटकी जागा फासळ्यांच्या आत दिसली पाहिजे.

ट्यूब ज्या पाणी भरलेल्या बाटलीला जोडतात, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि घोटाळे तिथेच होतात. नळी पाण्याखाली दोन सेंटिमीटर, जास्त नको. आठ सेंटिमीटर बुडाली तर हवेला तेवढा दाब लावून बाहेर पडावं लागतं. एकाच बाटलीत रक्त साचत गेलं की हीच खोली आपोआप वाढते, म्हणून बाटली वेळेवर बदला. सुरुवातीच्या पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा. नाहीतर आधीचं 500 मिली पाणीही रक्त म्हणून मोजलं जातं, आणि निर्णय तर याच आकड्यावर ठरतो: टाकताच 1500 मिली, किंवा तासाला 200 मिली असं दोन ते चार तास, तर थोरॅकोटॉमीसाठी (छाती उघडून ऑपरेशनसाठी) सर्जन हवाच.

सीटीला नेताना वॉर्डबॉय ट्यूब क्लॅम्प करतो आणि बाटली पेशंटच्या पोटावर ठेवतो. दोन्ही चूक. हवा येत असलेली ट्यूब क्लॅम्प केली की टेन्शन पुन्हा तयार, आणि बाटली छातीच्या वर गेली की पाणी आत. बाटली ट्रॉलीखाली अडकवा, नळीला वळसा पडू देऊ नका.

कॉलम (बाटलीतल्या नळीतलं पाणी) श्वासाबरोबर हलत नसेल तर आधी नळी दुमडलीय का, गुठळी अडकलीय का ते पाहा. फुप्फुस पूर्ण फुगल्यावरही कॉलम थांबतो, ते एक्स-रेवर कळेल. बुडबुडे थांबतच नसतील तर ट्यूब छातीपाशी क्षणभर चिमटून बघा. तरीही येत राहिले तर जोड सैल आहे. थांबले, तर हवा छातीतून किंवा टाक्याशेजारून येतेय. टाका घट्ट असून फुप्फुस फुगत नसेल तर ब्रॉंकस (श्वासनळीची मोठी शाखा) फाटल्याची शंका घ्या, दुसरी ट्यूब तयार ठेवा आणि सीव्हीटीएसला (हृदय-छातीच्या सर्जनना) लगेच कॉल करा.