चौसष्ट हजार जिंकले, तरी बाराशे कमी

"ताई, तुम्ही मला पैसे कमी दिलेत."

समोरचा माणूस मराठीत बोलला आणि टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बॅजवरचं नाव वाचून त्याने ओळखलं असावं. मी कुडाळची. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर बॅकाराचं टेबल चालवते. हा पत्त्यांचा खेळ. 'बँकर' आणि 'प्लेअर' अशा दोन बाजू, पैसे कुठल्याही बाजूवर लावायचे. नऊच्या जास्त जवळ जाईल ती बाजू जिंकते, बरोबरी झाली की टाय. ही गोष्ट २०२२च्या डिसेंबरातली.

हे गृहस्थ पश्चिम महाराष्ट्रातले व्यापारी, पन्नाशीच्या पुढचे. सोबत भाचा. भावाभावांनी मिळून पाच लाख काढले होते, हे पुढे भाच्याच्या बोलण्यातून कळलं. हातात छोटी वही, तिच्यात आकडे आधीच लिहून आणलेले: २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००. बँकरवर लावायचं, हरलं की दुप्पट करायचं, जिंकलं की परत दोन हजारांवर यायचं. याला मार्टिंगेल म्हणतात. ती फार जुनी पद्धत आहे, पण त्यांना ती कुणीतरी टेलिग्रामवर पैसे घेऊन 'सिस्टीम' म्हणून विकली होती.

तासाभरात त्यांनी चाळीसेक हजार कमावले होते. दर दोन-तीन डावांनी हजार-दोन हजार पुढे. माणूस खुशीत होता, भाच्याला समजावून सांगत होता. मग प्लेअरची बाजू सलग पाच वेळा आली. यांचे ६२,००० गेले. वहीत बघून त्यांनी ६४,००० बँकरवर ठेवले, आणि बँकर आला. त्यांनी टाळी वाजवली. मी ६०,८०० दिले. त्यांनी चिप्स दोनदा मोजल्या आणि मग ते वाक्य म्हणाले.

तक्रार आली की डीलरने वाद घालायचा नसतो. मी हात बाजूला घेतले आणि सुपरवायझरला बोलावलं. वर कॅमेऱ्यातून तपासणी झाली. पेआउट, म्हणजे जिंकल्यावर दिलेली रक्कम, बरोबर होतं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, सरांना हिशोब सांगा." माझ्या नोकरीत ग्राहकाला खेळाबद्दल सल्ला देता येत नाही. काय लावा, कधी थांबा, यातलं काहीही तोंडातून काढायचं नसतं. पण पेआउट समजावून सांगणं हे माझं कामच आहे. ते मी शक्य तितकं सावकाश केलं. बँकर जिंकला की घर, म्हणजे कॅसिनो, पाच टक्के कमिशन कापतं. ६४,०००चे पाच टक्के ३,२००. हातात ६०,८००. आधी गेलेले ६२,०००. म्हणजे मालिका जिंकूनही तुम्ही १,२०० रुपये मागे.

मी पुढचाही आकडा सांगितला, कारण तो पेआउटचाच भाग होता: सातवी बेट १,२८,०००ची जिंकली असती तर कमिशन ६,४०० गेलं असतं आणि मालिकेत ४,४०० तोटा राहिला असता. भाचा लगेच मोबाइलवर हिशोब करायला लागला. मामा वहीकडे बघत राहिले. वहीत कमिशनचा रकाना नव्हता. ज्याने ही सिस्टीम विकली त्याला कमिशन माहीत नसणं शक्य नाही. मला त्या माणसाची आजही चीड येते.

मामांना वाटलं, दोष कमिशनचा आहे. त्यांनी बाजू बदलली आणि प्लेअरवर लावायला सुरुवात केली, कारण तिथे कमिशन नसतं. पण ते कमिशन उगाच लावलेलं नाही. तिसरा पत्ता घ्यायचा की नाही हे बँकरच्या बाजूला प्लेअरचा पत्ता बघून ठरतं, त्यामुळे बँकर किंचित जास्त वेळा जिंकतो. टाय सोडले तर शंभरात ५०.६८ वेळा बँकर, ४९.३२ वेळा प्लेअर. कमिशन कापूनही बँकरवर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे घराला सरासरी १ रुपया ६ पैसे मिळतात, प्लेअरवर १ रुपया २४ पैसे, आणि टायवर तर १४ रुपये ३६ पैसे. हे पैसे एकूण लावलेल्या रकमेवर मोजायचे. दुप्पट करत गेलं की लावलेली रक्कम फुगते, टक्का तोच राहतो. बेटांचा क्रम कसाही मांडा, फिबोनाची घ्या, पॅरोली घ्या, १-३-२-६ घ्या, तोटा कधी आणि किती मोठ्या घासात येणार एवढंच बदलतं.

टेबलाशेजारी एक स्क्रीन असतो. बँकर लाल, प्लेअर निळा, डावांचे गोल एकाखाली एक मांडलेले. त्याला बिग रोड म्हणतात. लोक त्यात 'पॅटर्न' शोधतात. मामाही शोधत होते. शूमध्ये, म्हणजे पत्ते वाटायच्या पेटीत, आठ जोड, ४१६ पत्ते. बाहेर गेलेल्या पत्त्यांचा पुढच्या डावावर परिणाम होतो, पण इतका बारीक की या मुख्य बेटांवर त्यातून काही हाताला लागत नाही. त्या स्क्रीनची घराला जराही भीती असती तर घराने तो स्वतःच्या खर्चाने लावलाच नसता. हे मला तिथे उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

मग सलग बँकरच यायला लागला. दोन हजार, चार, आठ, सोळा. मध्ये एक टाय आला, पैसे जागेवर राहिले, मामांनी सुस्कारा सोडला. बत्तीस. चौसष्ट. सातवी बेट १,२८,०००ची. प्लेअर पाच, बँकर सहा. सात बेटांत २,५४,००० गेले.

वहीतला पुढचा आकडा २,५६,००० होता आणि तेवढ्या चिप्स त्यांच्याकडे होत्या. पण टेबलावर पाटी असते, कमाल बेट दोन लाख. मामांनी सुपरवायझरला विनवलं, "एकदाच वाढवून द्या हो." मर्यादा वाढली नाही. त्यांनी दोन लाख ठेवले. जिंकले असते तरी ५४,००० मागेच राहिले असते. ते हरले.

मर्यादा लागायच्या आधीच सलग सात वेळा हरणं त्यांना आक्रीत वाटलं. मी नंतर जेवणाच्या सुट्टीत कागदावर गणित केलं. प्लेअरवर लावणाऱ्याच्या एका मालिकेत असं होण्याची शक्यता साधारण ११६मध्ये एक. एका शूमध्ये अशा पस्तीसेक मालिका सुरू होतात. म्हणजे सरासरी दर तीन-चार शूंमागे एकदा हे घडतं, आणि एकाच रात्रीत माझ्या टेबलावर चार-पाच शू संपतात. दोन हजार मिळवण्यासाठी अडीच लाख पणाला लावायचे, असा हा सौदा होता.

भाच्याने मामांच्या पुढ्यातल्या चिप्स गोळा केल्या. ८५ हजारांच्या आसपास होत्या. मी त्या मोठ्या चिप्समध्ये बदलून दिल्या. मामा उठेनात, तेव्हा त्याने त्यांना दंडाला धरून उठवलं. मी त्यांना एवढंच म्हणू शकले, "काका, सावकाश जा."

गोव्याच्या लोकांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्यामुळे समोर बसणारे बहुतेक बाहेरून आलेले असतात, आणि त्यात आपली मराठी माणसं बरीच. चतुर्थीला कुडाळला गेले की गावातली पोरंही मला कोपऱ्यात घेऊन 'ट्रिक' विचारतात. मी कागद घेते आणि सात बेटा लिहून दाखवते. गेल्या चतुर्थीला माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर 'सिस्टीम' विकणारा तसाच एक ग्रुप निघाला, महिन्याची फी भरलेला. मी म्हटलं, ॲडमिनला दोनच प्रश्न विचार, कमिशन कुठे धरलंय आणि टेबलाची मर्यादा लागली की आठवी बेट कशी लावायची. त्याने माझ्यासमोर मेसेज टाकला. दहा मिनिटांत ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. फी काही परत मिळाली नाही.