यादी शनिवारीच बंद झाली होती

संध्याकाळी सहाला मतांचा आकडा होता ३१ लाख २० हजार. लागणार होते ४० लाख. हातात दोन तास. दोन तास हे आपलं आपण म्हणायचं. आमच्याकडे मतदान घड्याळावर संपत नाही, ब्लॉकच्या क्रमांकावर संपतं. इथेरियम ही आमची ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्यांना दिसणारी व्यवहारांची साखळी. तिच्यावर दर १२ सेकंदांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, चढतो आणि माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला उलटा आकडा एकाने उतरतो. ६००, ५९९, ५९८. वाट पाहायला यापेक्षा वाईट घड्याळ मी पाहिलेलं नाही.

मी डोंबिवलीत घरी बसून एका डाओचं, म्हणजे सभासदांच्या ऑनलाइन मतांवर चालणाऱ्या संस्थेचं काम करते. कामाचं नाव गव्हर्नन्स फॅसिलिटेटर. आईला मी 'निवडणूक अधिकाऱ्यासारखं काहीतरी' असं सांगून ठेवलंय आणि ते फारसं खोटं नाही. क्रिप्टो तारण ठेवून कर्ज देणारी एक ऑनलाइन यंत्रणा, म्हणजे प्रोटोकॉल, हा डाओ चालवतो. त्याला कार्यालय नाही, संचालक मंडळ नाही, शिपाई तर नाहीच. ज्याच्याकडे डाओचे टोकन, म्हणजे त्याची डिजिटल नाणी, त्याला मत, जितके टोकन तितकी मतं. प्रस्ताव मंजूर झाला की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर ठेवलेला प्रोग्रॅम, स्वतःच खजिन्यातून पैसे सोडतं. कुणाची सही नाही, कुणाला 'साहेब, एवढं बघा ना' म्हणायची सोय नाही. एकूण टोकन १० कोटी. त्यांतली ४ टक्के मतं बाजूने पडली नाहीत, तर विरोधात एकही मत नसलं तरी प्रस्ताव पडतो.

त्या गुरुवारचा प्रस्ताव अगदीच रुक्ष होता. कोडचं ऑडिट करणाऱ्या कंपनीचा करार आणखी एक वर्ष चालवायचा. भांडण नाही, वाद नाही, आणि तीच पंचाईत. भांडण असलं की मतं आपोआप येतात.

सहाला मी डेलिगेटांची यादी उघडली. बहुतेक लोक स्वतः मत देत नाहीत, आपली मतं कुणाकडे तरी सोपवून मोकळे होतात. ब्यूनस आयर्सच्या बाई बसमध्ये होत्या, त्यांनी फोनवरूनच २ लाख १० हजार टाकले. सोलच्या एकाने झोपायला जाता जाता ४० हजार. उरला अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या मुलांचा ब्लॉकचेन क्लब, ५ लाख मतांचा धनी.

डाओंच्या जगात कॉलेजांच्या क्लबांकडे मतं सोपवायची पद्धत आहे. मुलं हुशार असतात, वाचतात, कुणाच्या खिशात नसतात. पण मुलं पास होतात. या क्लबचं वॉलेट, म्हणजे टोकनांचं खातं, पाच जणांच्या नावे, मत टाकायला त्यांतल्या तिघांच्या सह्या लागतात. पाचांपैकी दोघं नोकरीला लागलेली, एक इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात आणि त्याचं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे सही करायचं उपकरण, हॉस्टेलच्या खणात. अध्यक्षाने सही केली. नोकरीवाल्यांपैकी एकाने मीटिंगमधून उठून केली, दुसऱ्याचा पत्ता नाही. तिसरी सही करू शकणारी एकच मुलगी होती आणि तिचा त्यांच्या सकाळी नऊपासून पेपर होता, अकरापर्यंत. अकरा म्हणजे आपले साडेआठ. मतदान आठला संपणार.

वीसेक कोटी डॉलरचा धंदा आणि एका पोरीचा सेमिस्टरचा पेपर! मला हसू पण येत होतं.

पावणेसातच्या सुमारास मदतीच्या चॅटमध्ये एक जण आला. चित्रात मांजर, नावाच्या जागी चार आकडे. त्याचं म्हणणं एका ओळीचं होतं: "माझ्याकडे ६२ हजार टोकन आहेत आणि तुमचं पान मला शून्य मतं दाखवतंय."

याला माझ्याकडे तयार उत्तर आहे, कॉपी-पेस्टचं. आमच्यासारख्या बऱ्याच डाओंमध्ये टोकन नुसते हातात असून मत लागत नाही. आधी ते कुणाला तरी सोपवावे लागतात, स्वतः मत द्यायचं असेल तर स्वतःलाच सोपवायचे. एकदाच करायचं असतं, एक छोटा व्यवहार आणि थोडी गॅस फी, म्हणजे साखळीवर व्यवहार करायचं शुल्क. पण ते मतदान सुरू होण्याच्या आत झालेलं पाहिजे, कारण मतदान सुरू होतं त्या ब्लॉकला सगळ्यांच्या मतांची नोंद गोठते. नंतर केलं तर ते पुढच्या वेळेला लागू.

मी उत्तर चिकटवलं. त्याने लगेच विचारलं, "आधीच्या ब्लॉकचं का मोजता? टोकन आत्ता माझेच आहेत ना?"

हा प्रश्न मला आवडतो, म्हणून घाई असतानाही उत्तर दिलं. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक नावाच्या प्रोटोकॉलमध्ये एकाने क्षणभरासाठी अफाट कर्ज उचललं. एकाच व्यवहारात कर्ज घेतलं, त्यातून दोन तृतीयांशाहून जास्त मतं मिळवली, आपणच आणलेला प्रस्ताव मंजूर केला, खजिना रिकामा केला आणि कर्ज फेडलं. प्रोटोकॉलचं नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलर. मतं आधीच्या ब्लॉकची मोजली असती, तर त्या उधारीच्या टोकनांना एकही मत मिळालं नसतं.

"पटलं," तो म्हणाला. "मग नोंद कधी गोठली?"

"शनिवारी रात्री आठला. भारतीय वेळ."

"आणि मतदान असल्याचं तुम्ही कधी कळवलंत?"

मी वर जाऊन पाहिलं. प्रस्ताव साखळीवर चढला गुरुवारी. दोन दिवसांची मुदत, मग शनिवारी मतदान सुरू. माझा संदेश सोमवारी सकाळी साडेनऊचा. शनिवार-रविवार कुणी वाचत नाही म्हणून मी तो मुद्दाम सोमवारवर ठेवला होता. संदेशात मोठ्या अक्षरांत 'मतदान सुरू झालं आहे!', पुढे उद्गारचिन्ह आणि एक मतपेटीचं चित्र.

म्हणजे मतदार यादी बंद झाल्यावर दीड दिवसाने मी दवंडी पिटली होती. आणि हे एकदा नाही. मी या कामावर आल्यापासून प्रत्येक वेळी.

मांजरवाल्याला काय लिहावं ते सुचेना. 'तुमचं बरोबर आहे' एवढंच लिहिलं. त्याने अंगठा दाखवला आणि गेला.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी होते, त्यामुळे माझ्या कामात त्यांना भलताच रस. स्क्रीनवरचा आकडा पाहून म्हणाले, "कोरम नाही होय? मग अर्धा तास तहकूब करा आणि परत घ्या."

आमच्या सोसायटीची प्रत्येक वार्षिक सभा मी अशीच पाहिलेली आहे. उपविधीप्रमाणे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतले जे कमी असतील तेवढे हजर लागतात. साडेपाचला गच्चीवर सात माणसं. बाबा रजिस्टरमध्ये 'गणसंख्येअभावी सभा तहकूब' असं लिहायचे, तोवर वडे यायचे, आणि सहाला तीच सभा नऊ माणसांत पार पडायची. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही.

"आमच्याकडे तहकूब नसतं, बाबा. कॉन्ट्रॅक्टला तो शब्दच माहीत नाही."

"मग कोरम कमी करा. तुम्हीच केलाय ना?"

आमच्यातही दर तिमाहीला कुणीतरी हेच सुचवतं. त्यावर मी कंपाउंडची गोष्ट सांगते, बाबांनाही सांगितली. कंपाउंड हाही आमच्यासारखाच कर्ज देणारा प्रोटोकॉल. जुलै २०२४ मध्ये त्याच्या डाओत एक प्रस्ताव आला: खजिन्यातले ४ लाख ९९ हजार टोकन, तेव्हाच्या भावाने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचे, एका गटाने बनवलेल्या योजनेत गुंतवायचे. तशाच मागणीचे आधीचे प्रयत्न फसले होते. मतदान रविवारी संपलं. बाजूने ६ लाख ८२ हजार, विरोधात ६ लाख ३३ हजार. मंजूर! पुढे दोनच दिवसांत तडजोड होऊन तो प्रस्ताव मागे घेतला गेला, पण तोवर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिथेही गणसंख्या आमच्यासारखीच ४ टक्के, आणि ती तर आरामात पूर्ण झालेली. अशा ठिकाणी उंबरठा आणखी खाली आणायचा म्हणजे चोराला शिडी लावून द्यायची.

बाबा थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडे पाटकरांचे चार फ्लॅट आहेत म्हणून त्यांना चार मतं नव्हती. सहकार कायद्यात माणशी एक मत, तेही स्वतः येऊन. प्रॉक्सी चालत नाही." हे ते मला खिजवायला म्हणाले, पण खरं आहे. सोसायटीत नऊ माणसांवर सभा भागते, कारण रातोरात कुणी बाजारातून मतं विकत आणू शकत नाही. आमच्याकडे आणू शकतो. म्हणूनच गणसंख्या लागते, आणि म्हणूनच ती भरत नाही. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

सात चाळीसला क्लबच्या अध्यक्षाचा संदेश आला. पेपर सोपा गेला होता, मुलगी तासाभरात बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सही केली. ५ लाख मतं एका झटक्यात चढली. ३८ लाख ७० हजार.

उरलेले शंभरेक ब्लॉक मी दिसेल त्याला संदेश पाठवत होते. आणखी कुणी आलं नाही. आठला पट्टी लाल झाली. बाजूने ३८ लाख ७० हजार, विरोधात शून्य. नामंजूर.

संस्थापकांपैकी एकाचा फोन आला. तो चिडला नव्हता, कंटाळला होता, आणि ते जास्त वाईट. "लोकांना पडलेलीच नाही. मत देणाऱ्याला पैसे देऊ या." डेलिगेटना मानधन द्यायची पद्धत बऱ्याच डाओंमध्ये आहे आणि माझा तिला सरसकट विरोध नाही, दर आठवड्याला शंभर पानं वाचणाऱ्याला फुकट राबवणं बरं नव्हे. पण हजेरीवर पैसे लावले की हजेरीच मिळते. कारणाच्या चौकटीत 'समर्थन' एवढा एक शब्द टाकून बटण दाबणारे मी पुष्कळ पाहिलेत.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी मदतीच्या चॅटमधला वर्षभराचा गाळ उपसला. 'शून्य मतं दाखवतंय' अशा अर्थाचं शोधत गेले. त्या आठवड्यात मांजरवाला धरून चौघांनी विचारलं होतं. आधीच्या महिन्यांत आणखी कितीतरी. प्रत्येकाला माझं तेच नम्र, निर्दोष, चिकटवलेलं उत्तर. त्यांतले बहुतेक परत कधी आलेले नाहीत. त्या आठवड्यातल्या चौघांच्या टोकनांची मी बेरीज करून पाहिली: १ लाख १८ हजार. तरीही १२ हजार कमीच पडले असते, याचं मला जरा बरं वाटलं आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली. न विचारता पान बंद करून गेलेले किती, ते कोण मोजणार?

मी वर्षभर सगळ्या कॉलवर 'मतदारांची उदासीनता' या विषयावर बोलत होते. एक सादरीकरणही केलं होतं, आलेखांसकट.

दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या कॉलवर मी तारखा वाचून दाखवल्या: गुरुवार, शनिवार, सोमवार. कुणी काही बोललं नाही. मग कॅमेरा कधीच न लावणारा एक डेव्हलपर म्हणाला, "म्हणजे दार लावून आपण बेल वाजवत होतो."

पुढच्या दोन महिन्यांत जे बदललं त्यातलं निम्मं क्षुल्लक आहे. प्रस्ताव चढल्यापासून नोंद गोठेपर्यंतची मुदत दोन दिवसांवरून पाच दिवसांवर नेली. त्यालाही मतदान घ्यावं लागलं आणि मी पुन्हा त्या पोरांच्या मागे लागले. क्लबने सह्या करणारे बदलून घेतले. मतदानाच्या पानावर शून्याच्या खालीच 'मतं चालू करा' असं बटण आलं.

खरं भांडण झालं ते मतदानांच्या संख्येवरून. माझं म्हणणं होतं की आपण विचारतोच फार. ऑडिटचा करार, सर्व्हरचं भाडं, अमुक टोकनची कर्जमर्यादा थोडी वर, तमुकची थोडी खाली, सगळ्याला पूर्ण मतदान कशाला? लिडो नावाच्या दुसऱ्या एका प्रोटोकॉलमध्ये २०२१ पासून इझी ट्रॅक नावाची सोय आहे: नेहमीचे खर्च ७२ तास समोर ठेवायचे आणि पुरेशा टोकनधारकांनी हरकत घेतली नाही तर ते मंजूर. गप्प राहणं म्हणजे तिथे संमती, आमच्याकडे तेच नकार ठरत होतं. जुन्या मंडळींना हे पचेना. "मग विकेंद्रित कसलं?" तीन आठवडे यावर खल झाला. शेवटी ठरावीक रकमेखालचे खर्च त्या वाटेने न्यायचे ठरलं. कर्जमर्यादा तशाच राहिल्या. मी अजून प्रयत्न सोडलेला नाही.

ऑडिटचा करार या नव्या रकमेत बसत नव्हता, त्यामुळे तो पुन्हा मतदानालाच गेला. या वेळी माझा संदेश प्रस्ताव चढला त्याच संध्याकाळी गेला. उद्गारचिन्ह नाही, चित्र नाही. 'तुमची मतं चालू आहेत का ते मंगळवारी रात्री आठच्या आत पाहा. त्यानंतर या मतदानासाठी काही करता येणार नाही.' खाली बटण.

बुधवारी सकाळी यादी उघडली तर मांजरवाला होता. ६२ हजार मतं. विरोधात.

कारणाच्या चौकटीत सहा ओळी. वर्षाचे सगळे पैसे आगाऊ का देता? अहवाल येईल तसतसे चार हप्ते करा. मागच्या वर्षीचा शेवटचा अहवाल सात आठवडे उशिरा आला होता, ही तारीख. मी तारीख तपासली. बरोबर होती.

बाजूने ४३ लाख मतं पडून प्रस्ताव मंजूर झाला, त्या सहा ओळींना न जुमानता. मी त्या उचलून ऑडिटवाल्यांना पाठवलेल्या मेलमध्ये टाकल्या आणि शेवटी विचारलं की हप्त्यांचं जमेल का. त्यांचं उत्तर अजून यायचंय.